सपत्नीक सत्कार

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

मी त्रेचाळीस वर्षांची, इंदूरची. एका संशोधन संस्थेत नोकरी करते. वडील शास्त्रीय गाणं शिकवतात. घराच्या पुढच्या खोलीत चाळीस वर्षांहून जास्त काळ त्यांचा क्लास चालू आहे. यंदा त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतात म्हणून शिष्यांनी रवींद्र नाट्यगृहात अमृतमहोत्सव ठरवला आहे. सत्कार, मैफल, स्मरणिका, सगळं आहे. खरं सांगायचं तर गाण्याच्या परीक्षांमधली ‘प्रारंभिक’पासून ‘मध्यमा’पर्यंतची मुलं आईनंच तयार केली. लग्नाआधी ती आकाशवाणी इंदूरवर गायची, त्यापुढची ‘विशारद’ परीक्षा मात्र राहून गेली. भातखंडे स्वरलिपीत बंदिशी उतरवलेल्या तिच्या निळ्या वह्या अजूनही क्लासमध्ये वापरतात. परीक्षांचे फॉर्म, फीचा हिशेब, गुरुपौर्णिमेला पेटीची साथ आणि वर सगळ्यांचं जेवण, हेही तीच बघते. शिष्यांसाठी बाबा ‘गुरुजी’ आणि आई ‘काकू’. स्मरणिकेच्या मसुद्यात तिच्यावर चार ओळी आहेत: ‘समईसारखी शांत तेवत राहिलेली सहधर्मचारिणी’ वगैरे. पत्रिकेवर ‘सपत्नीक सत्कार’ आहे, नाव नाहीच. समितीत बोलले तर म्हणाले, “काकूंची साडी-चोळीनं ओटी भरणार आहोत ना!” बाबा म्हणाले, “सगळ्यांना माहीत आहे, लिहायला कशाला हवं?” आणि आई म्हणते, “मला यात ओढू नकोस. या वयात शोभतं का?” तिच्या वतीनं भांडावं, की तिचं ऐकून गप्प बसावं? माझी मुलगी लहान असताना मी पीएच.डी. केली ती आईच्या जिवावर. आजही मुलगी शाळेतून आईकडेच जाते. आईसाठी एवढंही करता येऊ नये, याचा मला त्रास होतो. (मागच्या वर्षी एका पेपरची मोजमापं मी केली होती, पण माझं नाव लेखकांमध्ये न येता आभारात आलं. तेव्हा मी काही बोलले नाही. पण तो विषय वेगळा.)

उत्तर

तुमच्या पत्रातला शेवटचा कंस मी पुन्हा वाचला. ‘तो विषय वेगळा’ असं तुम्ही म्हणता. मला तो वेगळा वाटत नाही, पण त्याकडे मागाहून येते. आधी समई.

बायकोला समई म्हणणाऱ्या स्मरणिका मराठीत किती निघाल्या असतील, देव जाणे. समई नसेल तिथं तुळशीवृंदावन असतं, तेही नसेल तर ‘खंबीरपणे पाठीशी उभी’ असतेच. लिहिणाऱ्यांच्या मनात खोट नसते. तुमच्या समितीतल्या मंडळींना काकूंबद्दल माया आहे, हे तुमच्याच पत्रावरून कळतं. पण बाबांच्या पानांवर त्यांनी काय काय केलं ते आहे, आणि आईच्या चार ओळींत ती कशी आहे एवढंच आहे. शांत, सोशिक, हसतमुख. तिनं कोणाला काय शिकवलं, याचा त्यात पत्ता नाही.

आईचा उल्लेख नाही याचा तुम्हाला राग आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. उल्लेख तर आहे! समितीनं उद्या मोठ्या मनानं चाराच्या चाळीस ओळी केल्या आणि त्यात आणखी समया लावल्या, तरी तुमचा राग जाणार नाही. तिच्या स्वभावाचं कौतुक होतंय आणि काम नोंदीशिवाय राहतंय, हे तुम्हाला खुपतंय. समितीशी बोलताना हे सुटं करून बोला. ‘आईवर अन्याय होतोय’ म्हटलंत की समोरचे लगेच काकूंवर आपलं किती प्रेम आहे ते सांगू लागतात. ‘मध्यमापर्यंत कोण शिकवत होतं?’ असं विचारलंत तर प्रेमाचा प्रश्नच येत नाही.

हे फक्त तुमच्या घरापुरतं नाही. आपल्या गावचंच उदाहरण घ्या. लताबाई इंदुरात जन्मल्या, १९२९ साली, हे इथला कोणीही अभिमानानं सांगतो. त्यांच्या अठरा वर्षं आधी, १९११ मध्ये, याच गावात कमला भागवत जन्मल्या, पुढच्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण, त्याही इंदूरच्याच. कमलाबाईंविषयी ज्यांना काही माहीत असतं, त्यांना एक गोष्ट हमखास माहीत असते. १९३३ मध्ये उत्तम गुणांनी पदवी घेतल्यावरही बंगळूरच्या विज्ञान संस्थेत तिथले संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी वर्षभरासाठी प्रवेश मिळाला, तोही अटी घालून. त्यांचं काम पाहिल्यावर मात्र रामन यांनी मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. गोष्ट खरी आहे आणि पुन्हापुन्हा सांगावी अशीच आहे. फक्त सांगणारा दाराशीच थांबतो. आत गेल्यावर बाईंनी केलं काय? डाळींमधल्या आणि दुधातल्या प्रथिनांवर काम केलं. मग केंब्रिजला जाऊन, पेशींच्या श्वसनात लागणारं सायटोक्रोम-सी वनस्पतींमध्येही असतं हे दाखवलं. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली, ती अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर. परतल्यावर नीरेतल्या, म्हणजे ताडाच्या ताज्या रसातल्या, पोषक द्रव्यांचा अभ्यास केला. त्यांचं धैर्य आपल्याला पाठ आहे, त्यांचं विज्ञान नाही. १९९८ मध्ये दिल्लीत त्यांचा मोठा सत्कार झाला, त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच गेल्या. सत्कारांच्या वेळापत्रकाबद्दल यापेक्षा जास्त मी काही म्हणत नाही.

गाण्यातलं उदाहरण तर तुमच्यापासून तासाभराच्या रस्त्यावर, देवासचं. क्षयानं पोखरलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये तिथं राहायला आले. त्या आजारपणात त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी करून घर चालवलं आणि त्यांची शुश्रूषा केली. ही हकीकत सांगितली जाते ती सेवेची म्हणून, सावित्रीच्या थाटात. भानुमतीबाई स्वतः देवधर मास्तरांच्या संगीतशाळेत शिकलेल्या होत्या, हे त्यात कुठंतरी कोपऱ्यात राहतं. १९६१ मध्ये त्या गेल्या. पुढे कुमारजींच्या दुसऱ्या पत्नी वसुंधराताई कोमकली त्यांच्या बरोबरीनं गायल्या, त्यांनी शिष्य घडवले, आणि गायिका म्हणून त्यांचं नाव झालं. पद्मश्री मिळाली ती मात्र २००६ मध्ये, कुमारजी जाऊन चौदा वर्षं झाल्यावर.

आता बाबांचं वाक्य. ‘सगळ्यांना माहीत आहे’ हे खोटं नाही. आज सगळ्यांना माहीत आहेच. पण आज क्लासला येणारं सगळ्यात लहान पोर पंचवीस वर्षांनी ही स्मरणिका उघडेल, तेव्हा त्याला काकू म्हणजे रियाजानंतर शिरा देणाऱ्या बाई एवढंच कळेल. ज्यांना आठवतं त्यांच्यासाठी स्मरणिका कोणी काढत नाही.

घरच्या कामाचं एरवीही हेच होतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८, असं दिसलं. निदान एवढं मोजलं तरी गेलं. तुमच्या आईची मुलांना पलटे घोकून घेण्यातली संध्याकाळ कुठल्या रकान्यात टाकाल? ती नोकरी नाही, कारण पगार नाही. आणि घरकामही नाही, कारण त्यावर क्लास चालतो. घरच्या बाईच्या कामाला रुपयांत किंमत लावायची वेळ आपल्याकडे येते ती बहुतेकदा भरपाईच्या दाव्यात, ती बाई मेल्यावर. जमशेदपूरच्या आगीतल्या मृतांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये गृहिणीच्या कामाची किंमत महिन्याला ३,००० रुपये धरली होती. माणूस जिवंत असताना हा हिशेब करायला कोणाची हरकत असते, कोण जाणे.

आईच्या ‘नको’पाशी मात्र मी लगेच तुमच्या बाजूनं उभी राहणार नाही.

सत्तरीच्या बाईला मंचावर उभं करून, तिच्याच शिष्यांसमोर ‘हिच्यावर अन्याय झाला’ असं जाहीर करणं हा तिच्या लेखी सत्कार नव्हे, पंचनामा. हे आयुष्य तिनं कदाचित निवडलं नसेल. पण ते तिनं स्वतःच्या हातानं उभं केलं आहे, आणि ते वाया गेलं असं कोणी म्हटलेलं तिला खपणार नाही. लेकीनं म्हटलेलं तर नाहीच नाही. तुमच्या भांडणात तिला हेच ऐकू येत असेल, अशी मला शंका आहे.

शिवाय तिनं नेमकं कशाला ‘नको’ म्हटलं, हे तुम्हाला कळलंय का? नको ते मंचावर जाणं असेल, बाबांना चारचौघांत ओशाळं वाटणं असेल, किंवा तुमचं समितीशी वाजणं असेल. ‘आई, तुझाही सत्कार करायचा का?’ असं विचारल्यावर ‘हो, करा’ म्हणणारी बाई मला तरी अजून भेटलेली नाही. विचारणारच असाल तर कामाबद्दल विचारा. एखाद्या दुपारी त्या निळ्या वह्या पुढ्यात घेऊन बसा. भूपातली ही चीज कोणाकडून घेतलीस? सूर न लागणाऱ्या मुलाला आधी काय द्यायचीस? समेवर यायला चुकणाऱ्याला कसं धरायचीस? मुलींचा आणि मुलांचा स्वर एकाच वर्गात कसा सांभाळायचीस? फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, तिला सांगून. तासाभरात ती बाबांची दोन-चार सालं दुरुस्त करील, आणि कोणत्या नामवंत शिष्याला सहा महिने ‘सा’ लागत नव्हता तेही सांगेल. एवढं बोलून झाल्यावर तिचं ‘नको’ पुन्हा ऐका. कदाचित तेच राहील. पण तेव्हा ते कशाला आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल.

मंच, शाल, ओटी यांबाबत तिचा शब्द शेवटचा. त्यात तुम्ही पडू नका. स्मरणिकेतला ‘क्लासचा इतिहास’ ही गोष्ट निराळी आहे. पहिल्या चार-पाच वर्षांचं शिकवणं कोणाचं, हे त्यात नसेल तर इतिहास चुकीचा छापला जातोय, आणि चूक सुधारणं म्हणजे आईवर मेहेरबानी करणं नव्हे. मजकूर तिला आधी दाखवा. तिला जड वाटणारे शब्द काढा. त्यानंतरही ‘माझं काहीच छापू नका’ म्हणाली, तर ऐका. रेकॉर्डिंग तुमच्याकडे राहीलच.

छापायचं कसं, याची रीत तुमच्याच व्यवसायात आहे. पुष्कळ नियतकालिकं आता पेपरच्या शेवटी कोणी काय केलं याची नोंद मागतात: कल्पना कोणाची, मोजमापं कोणी घेतली, विश्लेषण कोणाचं, पहिला मसुदा कोणाचा. त्यासाठी चौदा भूमिकांची एक ठरलेली यादीही वापरात आहे. तसंच एक पान स्मरणिकेत करा, विशेषणं न वापरता. प्रारंभिक ते मध्यमा शिकवणं अमुक यांचं, वरचे वर्ग अमुक यांचे, स्वरलिपीच्या वह्या, परीक्षांचं कामकाज, हिशेब, पेटीची साथ, तबल्याची साथ. यात तुमच्या आईचं नाव बऱ्याच ओळींत येईल आणि कोणाला ते खटकणार नाही, कारण त्याच पानावर तबलजींचं येईल, वर्षानुवर्षं तंबोरे लावणाऱ्या शिष्याचं येईल, आणि गुरुपौर्णिमेला पोळ्या लाटायला येणाऱ्या बाईंचंही यावं. (त्यांचं नाव समितीत कोणाला सांगता येतं का, ते बघा.)

ज्या वाचकांच्या घरी क्लास नाही त्यांनाही हे पान उपयोगी पडेल. नवऱ्याच्या दवाखान्यात औषधं देऊन हिशेब बघणारी बायको, दुकानाचा माल लावणारी सून, गणेशोत्सवाच्या अहवालात ‘महिला मंडळाचे सहकार्य’ एवढ्यावर आटोपलेल्या बायका, सगळ्यांना. पंचाहत्तरीची वाट पाहायची गरज नाही.

आईसाठी वेगळा कार्यक्रम करावा, असं कोणीतरी सुचवील. मला ते पटत नाही. बाबांचा सोहळा गाण्याचा होईल आणि आईचा मायेचा, म्हणजे पुन्हा तेच.

बाबांना खलनायक करू नका. त्यांच्या पिढीतल्या पुष्कळ पुरुषांना बायकोविषयी चार वाक्यं जाहीर बोलायची म्हटली की घाम फुटतो. समई बहुधा तिथूनच येते. तेव्हा बायकोवर लिहा असं सांगूच नका. ‘नवं मूल पहिल्या दोन वर्षांत कसं तयार होतं’ यावर दोन पानं मागा. गाण्यावर म्हटलं की ते आनंदानं बसतील, आणि आईला विचारल्याशिवाय त्यांना दुसरा परिच्छेदही लिहिता येणार नाही. ते दोघं मिळून लिहितील, त्यावर दोघांचं नाव टाका.

आता तुमचा कंस. आईच्या कष्टांवर दोन करिअर उभी राहिली. एक बाबांचं, दुसरं तुमचं. तुमच्या प्रबंधातला ऋणनिर्देश काढून वाचा. ‘आईच्या अखंड प्रेमाशिवाय हे शक्य नव्हते’ अशा धर्तीचं काही असेल. ‘माझ्या मुलीला रोज दुपारपासून रात्रीपर्यंत आईनं सांभाळलं, म्हणून मला प्रयोगशाळेत थांबता आलं’ असं बहुधा नसेल. टोचून बोलायचं म्हणून हे म्हणत नाही. समितीतली मंडळी आणि आपण एकाच शाळेत शिकलो आहोत, एवढंच. प्रबंध आता बदलता येणार नाही, पण पुढच्या वेळी कोणी ‘घर-नोकरी कसं जमवता?’ असं विचारलं, तर ‘घरच्यांचा पाठिंबा’ म्हणू नका. कोण काय करतं ते सांगा.

आणि पेपर. तेव्हा तुम्ही बोलला नाहीत, का? संबंध बिघडतील म्हणून, नावासाठी काय भांडायचं म्हणून. आईच्या ‘शोभतं का’पासून हे फार लांब नाही. जे भांडण तुम्ही स्वतःसाठी केलं नाही ते आईच्या नावानं करायला निघाला आहात का, हे एकदा तपासा. तसं असेल तर तिला ते झेपणार नाही, ते तुमचं तुम्हालाच करावं लागेल.

आधी स्वतःशी खरं बोला. दुसऱ्यानं ठरवलेलं मोजमाप उपकरणावर घेऊन दिलं असेल, तर आभार मानून थांबण्याची रीत आहे आणि ती अगदीच गैर नाही. पण मोजमापाची पद्धत तुम्ही बसवली असेल, चुका शोधल्या असतील, आकड्यांचा अर्थ लावण्यात तुमचा हात असेल, तर ते लेखकाचं काम आहे. तसं असल्यास मुख्य लेखकाला छोटी ईमेल करा. रागाचा शब्द नको. मी हे हे केलं, त्याच्या नोंदी अमुक तारखांना वहीत आहेत, एवढंच. छापून झालेल्या पेपरची लेखकयादी दुरुस्त होऊ शकते, पण सहसा सगळ्या लेखकांची लेखी संमती लागते, त्यामुळे फार आशा धरू नका. त्या ईमेलचा उपयोग पुढच्या पेपरला होतो. कामाला हात घालण्याआधीच नावांचं बोलणं करून घ्या आणि ते लेखी असू द्या. प्रयोगवहीत रोज तारीख आणि सही.

पैशाचं कोणी काढत नाही म्हणून मी काढते. क्लासची फी आजवर कोणाच्या खात्यात गेली? बाबांच्याच असेल, तर संयुक्त खातं या महिन्यात उघडून घ्या. त्याला समारंभ लागत नाही. सत्कारात थैली देणार असतील, तर ती दोघांच्या नावानं द्यावी असं समितीला आत्ताच सुचवा. चेकवर दोन नावं लिहायला कोणाचं काही जात नाही, आणि ‘दोघांनी मिळून क्लास चालवला’ हे त्या एका चेकनं जितकं स्पष्ट होईल तितकं भाषणानं होणार नाही. बाबा थकल्यावर क्लास चालू राहणार असेल, तर दारावरच्या पाटीचंही बोलून ठेवा. आणि आईकडे शिकणाऱ्या मुलांनी परीक्षेच्या अर्जात शिकवणाऱ्याचं नाव लिहिताना आईचं लिहावं. हे तर उद्यापासून होऊ शकतं.

राहिली पत्रिका. ‘सपत्नीक’ काढून दोन नावं छापा, ही मागणी साधी आहे. त्यावर समिती अडून बसेल असं मला वाटत नाही. नाव कोणतं छापायचं ते मात्र तुम्ही ठरवू नका, बाबांनीही नको. आकाशवाणीच्या मालवा हाउसमधल्या स्टुडिओत ती ज्या नावानं गायली ते माहेरचं, की चाळीस वर्षं मुलांना शिकवलं ते सासरचं, की दोन्ही, हे तिलाच विचारा. आणि छपाईला जाण्याआधी प्रूफ तुमच्याकडे मागून घ्या.